मालक समोर पाहिजे

अप्पा मॅटचा वास घ्यायचे. आधी बंद सोडायचा, गुंडाळीचं एक टोक नाकाशी न्यायचं, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा. "वल्ली गुंडाळली व्हती." किंवा, "पायाला त्याल लावून आलता काय?" किंवा नुसतंच, "हं." हे "हं" सगळ्यांत वाईट. त्याचा अर्थ असा, की आता ही मॅट सगळ्यांदेखत पसरली जाणार, पुसली जाणार, आणि मालकाने तोवर वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखं उभं राहायचं. माझ्या मॅटचा त्यांनी पहिल्यांदा वास घेतला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. योगासनांच्या मॅटला वास येऊन येऊन कशाचा येणार, आपल्याच पायांचा. आणि समोर कपाळाला पांढरंशुभ्र भस्म लावलेला पंच्याहत्तरीचा माणूस तो डोळे मिटून हुंगतोय.

त्यांचं नाव सांगत नाही. अप्पा म्हटलं तरी काही बिघडत नाही. लातुरात कुठल्याही गल्लीत अप्पा म्हणून हाक मारली तर चारपाच जण मागे वळून बघतात. मुलाने शेवटी त्यांना हैदराबादला नेलं, माझी बदली परत नांदेडला झाली, आणि त्या घरात आता कोण राहतं ते मी मुद्दामच कुणाला विचारलेलं नाही.

मी तेव्हा त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होते. लग्न केलेलं नाही, तोंड फटकळ. ऑफिसात लोक माझ्या टेबलाला वळसा घालून जायचे. अशा बाईला परगावी खोली मिळवताना काय काय ऐकावं लागतं ते इथे लिहीत बसत नाही. "कोण कोण राहणार?" "मी." "आणि?" "आणि मीच." एवढ्यावर लोक दार लावून घेत. अप्पांनी हा प्रश्न विचारलाच नाही. माझं सामान टेम्पोतून उतरत होतं आणि ते एकटक एकाच वस्तूकडे बघत होते. जिन्याच्या कोपऱ्यात उभी केलेली माझी योगा मॅट.

"म्याडम, ह्याला उभं का केलंय?"

"म्हणजे?"

"शिक्षा दिलीय का? उभं ऱ्हायलं की बुडाशी बसतंय ते. आडवं ठिवा."

मी वर जाऊन आडवी ठेवली. संध्याकाळी अप्पा दारात हजर. आत न येता उंबऱ्यातूनच त्यांनी मान लांब करून बघितलं आणि गुंडाळीच उलटी आहे असं जाहीर केलं. वरची बाजू आत घालून गुंडाळली की पसरल्यावर कोपरे उचलतात, पाय अडकतो, माणूस तोंडावर आपटतो. "त्वांड भायेर, पाठ आत," ते म्हणाले. एवढं सांगून ते जिना उतरून गेले. या माणसाचं आणि माझं जमणार नाही, असं मी त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं.

गोलाईच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. उभा जन्म तागे सोडण्यात आणि गुंडाळण्यात गेलेला. आता पुतण्या दुकान बघत होता आणि तिथे तयार कपडे टांगलेले असायचे, म्हणून अप्पा तिकडे फिरकत नसत. "टांगल्यालं कापड म्हंजे फाशी दिल्यागत दिसतंय," म्हणायचे. दुकान सोडताना त्यांनी तीन गोष्टी घरी आणल्या होत्या. सागवानी मांडण्या, तागे ज्यावर गुंडाळून येतात त्या पुठ्ठ्याच्या जाड नळ्या, आणि गाठोडंभर कापडाच्या पट्ट्या. बाकीचं सगळं पुतण्याला. बायको गेल्यावर हॉलमधला सोफा त्यांनी कुणाला तरी देऊन टाकला आणि भिंतभर मांडण्या लावल्या. त्या मांडण्यांवर आमच्या सगळ्यांच्या मॅट असत.

आमचा योगाचा गट, मीही महिन्याभरात त्यात जायला लागले होते, पहाटे पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर जमायचा. ड्रिल शिकवून निवृत्त झालेले एक गुरुजी आसनं घ्यायचे. मॅट मात्र कुणाच्याच घरी नसे. पहाटे आधी अप्पांच्या दारात यायचं, आपली मॅट उचलायची, मैदानावर जायचं, आणि संपलं की परत आणून द्यायची. ही पद्धत कधी पडली आणि कुणी पाडली, कुणाला नीट सांगता येत नव्हतं. प्रत्येक मॅट पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळलेली, आणि तिला बांधायला ज्याच्या-त्याच्या नावाची कापडी पट्टी. माझी निळ्या चौकड्यांच्या शर्टिंगची होती. गुरुजींची खाकी. लोह्याच्या काकूंची लालभडक छिटाची. पट्टी कुणाला कोणती द्यायची हे अप्पा ठरवायचे, आणि ती बदलून मागायची सोय नव्हती. मॅट हा शब्दही त्यांना चालत नसे. ते आसन म्हणायचे.

स्वतः आसनं म्हणाल तर ते फारशी करत नसत. गुडघे गेलेले. मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून आमच्याबरोबर हात तेवढे वरखाली करायचे, आणि नजर माणसांवर नाही, माणसांच्या खाली. गुरुजी "श्वास सोडा" म्हणत असताना मागून अप्पांचा आवाज यायचा, "गुरुजी, त्या हिरव्या पट्टीचं आसन खड्यावर आलंय बगा." हिरव्या पट्टीवाले बिचारे अर्धवट वाकलेले, तसेच उठून सरकायचे.

लातुरात नळाला आठवड्यातून एकदा पाणी आलं तरी माणसं खुशीत असतात. बाकी सगळी भिस्त बोअरवर, आणि ते पाणी इतकं जड की बादलीला पांढरा थर चढतो. अप्पा स्वतः बोअरच्या पाण्याने आंघोळ करायचे, त्यामुळे त्यांचे केस कायम ताठ, झाडूसारखे उभे. नळाचं पाणी झाकून ठेवलेलं असे ते मॅटसाठी. बोअरच्या पाण्याने पुसलं की क्षार बसतो आणि आसन कडक होतं, हा त्यांचा सिद्धांत. बादलीत नळाचं पाणी, त्यात जरासा सिरका, मलमलीचा तुकडा बुडवून घट्ट पिळायचा आणि पुसायचं. आधी तोंड, मग पाठ. भिजवायचं नाही, घासायचं नाही, साबण तर दाखवायचाही नाही. मग मागच्या ओसरीत बांबूवर, सावलीत. "ऊन दाखवायचं, ऊन द्यायचं न्हाई." कुणीतरी एकदा मॅट वॉशिंग मशिनमध्ये घातली होती. त्या गृहस्थांशी अप्पा पुढे बोलत होते, पण पाहुण्याशी बोलावं तसं.

आणि एक नियम होता, ज्यावरून मी त्यांच्याशी पुष्कळदा भांडले. मॅट पुसताना मालक समोर पाहिजे. ऑफिसची घाई असायची, मी म्हणायची, "अप्पा, ठेवून जाते, तुम्ही सवडीने पुसा." ते हात मागे घ्यायचे.

"कापड गिऱ्हाइकासमोर मोजत्यात म्याडम. माघारी मोजलं की वहीम येतो."

"मला नाही येत वहीम."

"मला येतो. बसा."

बसावं लागायचं. सगळेच बसायचे. बाकावर, जिन्याच्या पायऱ्यांवर, उंबऱ्यात. अप्पा एकेक मॅट सावकाश पुसायचे आणि मधूनच उठून आलं ठेचून केलेला बिनदुधाचा चहा सगळ्यांच्या हातात द्यायचे. कुणाच्या मुलीचं जमत होतं, कुणाच्या सासऱ्यांचं दुखणं निघत होतं, गुरुजी राजकारणावर बोलत होते. सकाळी तास-दीड तास त्या हॉलला लग्नघराची कळा असायची.

लोह्याच्या काकूंची गोष्ट सांगितल्याशिवाय अप्पा कळायचे नाहीत. काकूंचं माहेर लोह्याकडचं, घरची शेती. नवरा इथे नोकरीला म्हणून त्या लातुरात. एका उन्हाळ्यात त्यांनी "भावाला दाखवायचीय" म्हणून मॅट घरी नेली. दोन दिवस झाले, मॅट परत येईना. अप्पा बेचैन. शेवटी भर दुपारी छत्री घेऊन निघाले, आणि मला रजा होती म्हणून मीही गंमत बघायला मागोमाग गेले. काकूंच्या गच्चीवर मॅट पसरलेली होती आणि तिच्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुरडया.

"काकू, हे काय?"

"कुरडया हायत अप्पा," काकू अगदी सरळ म्हणाल्या. "लई झ्याक सपाट हाय बगा हे. धोतरावर टाकल्या की निम्म्या धोतरालाच चिकटत्यात."

अप्पा कट्ट्यावर बसले. त्यांचं मूळ गाव निलंग्याकडचं, कर्नाटकच्या सीमेला लागून. फार दुखावले की ते कानडीत बोलायचे. बराच वेळ कानडीत काहीतरी बोलले. मग उठले, छत्री मिटवली आणि काकूंबरोबर उन्हात बसून एकेक कुरडई मोडू न देता ताटात उचलून ठेवायला लागले. मॅटला गव्हाच्या चिकाचे गोल गोल डाग पडलेले, कडेला मुंग्या. पुढे कितीतरी दिवस ती मॅट साफ होत होती आणि नियमाप्रमाणे काकूंना रोज समोर बसावं लागत होतं. काकू कुरकुरायच्या, पण यायच्या. एकदा त्यांनी त्याच कुरडया तळून आणल्या. अप्पांनी एक उचलली आणि आधी नाकाशी नेली.

"आसनाचा वास हाय," म्हणाले, आणि आणखी दोन घेतल्या.

मी एकदा त्यांना विचारलं होतं की अव्वांचीही मॅट होती का. अव्वा म्हणजे त्यांची बायको. मी तिला पाहिलेली नाही. ते म्हणाले, "ती सतरंजीवर बसून लिंगपूजा करायची. तिला हे फोमचं कायबी ठावं न्हवतं." आणि मग लगेच माझ्या मॅटच्या कोपऱ्याला चीर पडतेय का ते बघायला लागले.

आठ वाजले की सगळे जायचे. त्यानंतर काय व्हायचं ते खाली बाकावर बसणाऱ्यांना कधीच कळलं नाही, मला कळायचं, कारण मी वर राहत होते. कपबश्या विसळल्याचा आवाज यायचा, मांडणीवर मॅट सरकवल्याचा आवाज यायचा, आणि त्यानंतर दिवसभर त्या घरातून काही म्हणजे काहीच ऐकू यायचं नाही. रविवारी मुलाचा फोन. "हाव. हाव. जेवलो. ठिवतो." एवढाच. संध्याकाळी मी ऑफिसातून यायची तेव्हा ते दारातल्या खुर्चीवर बसलेले असत. मी मान हलवायची, ते मान हलवायचे, मी वर जायची. वर माझ्या खोलीतही तोच प्रकार होता. फक्त माझ्याकडे टीव्ही होता.

एका दिवाळीत गट बंद होता. सगळे आपापल्या गावी गेलेले. मला रजा मिळाली नव्हती, आणि खरं सांगायचं तर नांदेडला वाट बघणारंही कुणी नव्हतं. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी मी दूध आणायला उतरले तर अप्पांच्या हॉलचं दार उघडं. आत सगळ्या मॅट पसरलेल्या होत्या. नुसत्या पसरलेल्या नाहीत. मैदानावर जो जिथे बसतो, बरोबर तिथे. पुढे गुरुजींची, उजवीकडे काकूंची, खांबाशी माझी. आणि कडेला आपल्या खुर्चीवर अप्पा, मांडीवर हात ठेवून.

मला बघून जरा दचकले. "हवा द्यायलोय," म्हणाले.

मी दूध घेऊन आले, त्यातलं थोडं त्यांना दिलं आणि वर गेले.

त्याच्या पुढच्या वर्षी टाकीजवळ समाजमंदिराचा हॉल बांधून झाला. गुळगुळीत फरशी, पंखे, आणि भिंतीला लोखंडी कपाट, कप्पे पाडलेलं. गुरुजींनी मैदानावरच जाहीर केलं की पहिल्या तारखेपासून वर्ग हॉलमध्ये, मॅटही तिथेच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पावसाची कटकट गेली, चिखल गेला, पहाटे आधी एका घरी आणि मग दुसरीकडे ही यातायात गेली.

"कपाटाला जाळी हाय का?" अप्पांनी खुर्चीवरून विचारलं.

"न्हाई अप्पा, पत्र्याचं हाय."

"मग वारा कुटून जाईल?"

कुणीतरी हसलं. "आता तुम्हाला आराम बगा अप्पा," दुसऱ्याने म्हटलं. मीच न राहवून म्हणाले, "चाललंय ते चालू द्या की." गुरुजी भले माणूस, त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "म्याडम, ह्या वयाच्या माणसाकडून किती दिस राबवून घ्यायचं? बादल्या उचलतेत, वाकतेत. आपल्याला शोभतं का?" त्यांचं बरोबर होतं. भांडायला कुणी समोरच नव्हतं, आणि ज्याच्याशी भांडता येत नाही अशा गोष्टीचा मला फार त्रास होतो.

मॅट न्यायच्या दिवशी अप्पांनी धुतलेला सदरा घातला होता. एकेकाची मॅट काढली, समोर उलगडली, तोंड दाखवलं, पाठ दाखवली, परत नळीवर गुंडाळून पट्टी बांधली आणि दोन्ही हातांनी दिली. गिऱ्हाइकाला ताग्यातलं कापड दाखवून द्यावं तसं. प्रत्येकाला सूचना. आडवी ठेवा. साबण नको. घडी घालू नका, घडीची खूण जात नाही. लोक हो हो म्हणत होते आणि घड्याळ बघत होते. काकूंनी आपली मॅट काखेत मारली आणि मोठ्याने म्हणाल्या, "सुटलात बगा अप्पा एकदाचं!"

"हाव," अप्पा हसून म्हणाले. "सुटलो."

माझी मॅट मी वर घेऊन गेले. हॉलमध्ये जायला माझं मन झालं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीच्या वेळेला खाली कडी वाजली. दार उघडल्याचा आवाज आला, अंगणात पाणी शिंपडल्याचा आला, बाक ओढल्याचा आला. मग काही नाही. मी कठड्यावरून वाकून बघितलं. अप्पा दारात उभे होते. आत मांडण्या रिकाम्या. रस्त्याने काकू आणि आणखी दोघीजणी गप्पा मारत हॉलकडे चालल्या होत्या. त्यांनी हात केला, अप्पांनी हात केला. हॉलमध्ये ते दोनचार दिवसच गेले. तिथे खुर्ची ठेवायला जागा नाही, असं कारण सांगत. काकू अधूनमधून भाजी पाठवायच्या. पण भाजी घेऊन काकूंचा नवरा यायचा आणि स्कूटर चालूच ठेवायचा.

पहाटेची कडी मात्र रोज वाजत राहिली. मला ती ऐकवेना. आठवडाभर ऐकली आणि मग एका सकाळी मी मॅट काखोटीला मारून खाली उतरले.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"वास येतोय."

त्यांनी पट्टी सोडली, टोक नाकाशी नेलं, डोळे मिटले. "कशाचा?"

"ते तुम्ही सांगायचं. मला कळलं असतं तर आणली कशाला असती?"

त्यांनी बादली घेतली. मी बाकावर बसले. पुसून झाल्यावर चहा झाला, चहाबरोबर पुतण्याची निंदा झाली, आणि मी ऑफिसला पोचले तेव्हा उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी मॅटवर तेल सांडलं. तिसऱ्या दिवशी मांजर बसलं. वर्गात न जाणाऱ्या बाईची मॅट रोज मळत होती. रिकाम्या हाताने एकट्या पुरुषाच्या घरी जाऊन बसायला एकट्या बाईला कारण लागतं, आणि खोटं कशाला सांगू, गल्लीपेक्षा ते मलाच लागत होतं. सगळा हिवाळा असा गेला. खोटं बोलायची मला सवय नाही, तरी थापा सुचत गेल्या. माझी दुसरी कुठली सकाळ मला आठवत नाही, त्या हिवाळ्यातल्या आठवतात.

एका सकाळी अप्पांनी पट्टी सोडली, पण टोक नाकाशी नेलं नाही. मॅट मांडीवर तशीच धरून बसले.

"म्याडम, हे स्वच्छ हाय."

मी बाकाची कड बोटाने पुसायला लागले.

"कालबी स्वच्छ व्हतं. परवाबी. पुसून पुसून झिजाया लागलंय बिचारं." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "कशाला हे वझं वागवताव? नुसतंच या की. चा घ्यायला."

मी दुसऱ्या दिवशी नुसतीच गेले. मला आवडलं होतं त्यांचं बोलणं. रात्रभर मी त्याच आनंदात होते. अप्पांनी बाक पुसून ठेवला होता. मी बसले. त्यांनी चहा दिला, आम्ही दोघांनी तो घेतला. नळाला पाणी कधी येणार असं मी विचारलं. उद्या, ते म्हणाले. मग मला काही सुचेना. ऑफिसभर जिच्या तोंडाला लोक भितात ती मी, आणि मला एक वाक्य सुचेना. अप्पा आपल्या हातांकडे बघत होते. ते हात मांडीवर ठेवून बघितले, गुडघ्यावर ठेवून बघितले, शेवटी एकावर एक ठेवले. बाहेरून कुणीतरी गेलं, आम्ही दोघांनीही तिकडे बघितलं. नुसतं समोर बसलेलं माणूस बघायची दोघांची सवयच गेली होती. जरा वेळाने मी उठले, येते म्हणाले. या, ते म्हणाले, आणि मला उगीचच रडू यायला लागलं म्हणून मी भराभर जिना चढले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मॅट घेऊन गेले.

अप्पांनी मला दारात बघितलं, मॅट बघितली. आत जाऊन बादली आणली, नळाचं पाणी घेतलं, मलमल पिळली आणि मॅट पुढ्यात पसरली.

"आज काय लागलं ह्याला?"

"धूळ," मी म्हणाले.

ते वाकले आणि त्या लख्ख मॅटकडे निरखून बघत राहिले.

"लई हाय," म्हणाले. "बसा. येळ लागंल."